एफ्टेलिंगला नातवंडांसोबत जायचंय? मग आधी गोष्टी सांगून ठेवा

लातूर, नांदेड, परभणी, संभाजीनगरकडची किती तरी लेकरं आता नेदरलँड्समध्ये नोकरीला आहेत, आणि त्यांचे आईवडील उन्हाळ्यात दोन-तीन महिने नातवंडांकडं जायलेत. तिकडं गेलं की मुलगा-सून एक दिवस एफ्टेलिंगला, म्हणजे तिथल्या परीकथांच्या मोठ्या थीम पार्कला, नेतातच. तिथं मी आपल्याकडचे आजी-आजोबा बघितलेत, दिवसभर बाकावर बसून सगळ्यांच्या बॅगा सांभाळतात आणि संध्याकाळी पाय दुखतात म्हणत घरी येतात. असं होऊ नये म्हणून हे लिहायले, कारण त्या पार्कातली सगळ्यात भारी जागा खरं तर तुमच्याचसाठी आहे.

एफ्टेलिंग आहे काट्सह्योवेल नावाच्या गावाजवळ, नेदरलँड्सच्या दक्षिणेला. ३१ मे १९५२ ला ते उघडलं तेव्हा तिथं जोरात फिरणारं काहीच नव्हतं, नुसतं परीकथांचं जंगल आणि त्यात १० गोष्टी. अँटन पीक नावाच्या चित्रकारानं त्यातली घरं, किल्ले काढले आणि नुसतं रंगवलेलं खोटं बांधकाम नको, खऱ्या विटा-कौलं पाहिजेत असा त्याचा आग्रह होता, म्हणून आजही ती घरं जुनीपुराणी खरीच वाटतात. पायथॉन नावाचं पहिलं मोठं रोलरकोस्टर आलं थेट १९८१ मध्ये. म्हणजे पार्क उभं राहिलं ते गोष्टींवर, आणि गोष्टी सांगायचं काम आजी-आजोबांइतकं चांगलं कोण करणार?

म्हणून पहिली तयारी घरातच करायची. जायच्या आधी पंधरा दिवस रोज झोपताना एक गोष्ट सांगा, आपल्या मराठीत, आपल्या पद्धतीनं, पुस्तक हातात नसलं तरी चालतं. लाल टोपीवाली पोर आणि लांडगा, शेळीची सात करडं, हॅन्सेल आणि ग्रेटेल, शंभर वर्षं झोपलेली राजकन्या, अंगठ्याएवढा पोरगा आणि राक्षस, बेडूक झालेला राजपुत्र, राजाचे नवे कपडे. आणि एक गोष्ट आपल्याकडं फारशी कुणी सांगत नाही ती नक्की सांगा, सहा नोकरांची. एका राजपुत्राला सहा अजब माणसं भेटतात, एकाचं पोट डोंगराएवढं, एकाला जगातलं सगळं ऐकू येतं, एकाची मान इतकी लांब की त्याला कुठलंही दिसतं, आणि या सगळ्यांच्या मदतीनं तो राजकन्येला मिळवतो. हा लांब मानेचा माणूस जंगलात खरंच बसलेला आहे, डोकं वर वर नेतो आणि परत खाली आणतो, १९५२ पासून तिथंच आहे. ज्या लेकराला गोष्ट माहीत आहे ते लांबूनच ओरडतं, आज्जी तो बघ! आणि ज्याला माहीत नाही ते दोन मिनिटं बघून आईस्क्रीम मागतं. सगळा फरक इथंच आहे.

जंगलातले आवाज बहुतेक डचमध्ये आहेत, त्यामुळं तिथं उभं राहून सांगणारं माणूस लागतंच. झोपलेल्या राजकन्येच्या किल्ल्यात घाई करू नका, नीट बघितलं तर तिची छाती श्वासाबरोबर हलती, पहारेकरी आणि स्वयंपाकीसुद्धा झोपलेत, लेकराला विचारा अजून कोण कोण झोपलंय. लाल टोपीवालीच्या आजीच्या घरात खिडकीतून बघायचं असतं, पलंगावर आजीचे कपडे घालून लांडगा पडलेला आहे, लहान लेकराला उचलून दाखवा. ड्रॅगन खजिन्याची राखण करत बसलाय, अचानक गुरगुरतो आणि धूर सोडतो, दोन-तीन वर्षांचं लेकरू असलं तर आधी लांबून दाखवा.

काडेपेट्या विकणाऱ्या मुलीची गोष्ट मात्र जपून. हॅन्स अँडरसनच्या त्या गोष्टीत बर्फात कुडकुडणारी पोरगी काड्या पेटवत राहते आणि शेवटी तिची आजी तिला न्यायला येते. मोठ्या माणसाच्याही डोळ्यात पाणी येतं. पाच-सहा वर्षांच्या पुढचं लेकरू असेल तर घरीच सांगून ठेवा, प्रश्न विचारलं तर खरं उत्तर द्या, आणि छोटं असेल तर तिथं न थांबता पुढं चला, काही बिघडत नाही.

आणि एक तोंड उघडून बसलेला जाडा माणूस दिसेल, होले बोले गाइस. तो सारखा कागद मागत असतो, कचरा तोंडाजवळ नेला की ओढून घेतो आणि धन्यवाद म्हणतो. असे बरेच गाइस आहेत पार्कभर. लेकरं अक्षरशः कचरा शोधत फिरतात. आपल्याकडच्या प्रत्येक बागेत, प्रत्येक जत्रेत असा एक पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

आता कधी जायचं ते. आपल्या मे महिन्याच्या सुट्टीत जाणार असाल तर एप्रिलचा शेवट ते मेचा पहिला आठवडा टाळा, तिकडं शाळांना मे सुट्टी असते आणि गर्दी लई होते, शिवाय पुढं इस्टरनंतरचे दोन सण येतात त्याचे लांब वीकेंडही गर्दीचेच. मंगळवार किंवा गुरुवार बरा. बुधवारी बऱ्याच प्राथमिक शाळा दुपारी लवकर सुटतात, म्हणून तो नको. पण एक लक्षात घ्या, नातू पाच वर्षांचा झाला की तिकडं शाळा सक्तीची असते, आजी-आजोबा आलेत म्हणून एक दिवस दांडी मारली असं चालत नाही, दंड होतो. शिक्षकांच्या ट्रेनिंगसाठी शाळांना अधूनमधून एखादा दिवस सुट्टी असते, सुनेला तो दिवस कॅलेंडरवर शोधायला सांगा, तोच धरा. पार्क वर्षाचे ३६५ दिवस उघडं असतं, वेळ मात्र बदलते. तिकीट ऑनलाइन, ठरलेल्या तारखेचं काढायचं, तारखेनुसार दर बदलतात, ३ वर्षांपर्यंतच्या लेकरांना तिकीट नाही.

व्हिसाचं थोडक्यात, नेदरलँड्सला जायला लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपर्यंत करता येतो, प्रवासातल्या दवाखान्याच्या खर्चाचा विमा कमीत कमी ३०,००० युरोचा लागतो, आणि १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. मेमध्ये जायचं तर जानेवारीतच मागं लागा.

पार्कला स्वतःचं रेल्वे स्टेशन नाही. टिलबर्ग किंवा डेन बॉश स्टेशनपर्यंत ट्रेन आणि पुढं बस. गाडी असेल तर पार्किंगचे वेगळे पैसे आहेत.

कपडे-चपलांचं ऐका. आपल्याकडं ४२ डिग्री असताना तिकडं मेमध्येही सकाळी स्वेटर लागतं आणि पाऊस कधीही येतो. साडी नेसा, काही हरकत नाही, पण पायात स्पोर्ट्स शूज घाला, दिवसभर चालणं आहे. गुडघ्याचा त्रास असेल तर व्हीलचेअर भाड्यानं मिळते, आधी बुक करा आणि लाजू नका, तिकडं कुणी बघत नाही. पार्कात जुन्या धाटणीची आगगाडी फिरते, तळ्यात गोंडोलेटा नावाच्या संथ बोटी आहेत, थकलात की तिथं बसा, त्यात बघणंही होतं.

खायचं घरून न्यायला परवानगी आहे, बसायला टेबलं आहेत, म्हणून धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बिनधास्त न्या, दही डब्यात. विकत घेणार असाल तर फ्राइज चालतील. क्रोकेट नावाचं जे मिळतं ते बाहेरून बटाट्याच्या कटलेटसारखं दिसतं पण आत बहुतेक वेळा मांस असतं, शाकाहारी लोकांनी विचारल्याशिवाय घेऊ नका. पॅनकेकमध्ये अंडं असतं. नळाचं पाणी तिकडं पिण्याचंच असतं, बाटली भरून घ्या.

दिवसाचा क्रम मी असा सांगेन. गेट उघडलं की आधी ड्रोमफ्लुख्त, १९९३ ची राइड, छोट्या गाडीत बसून पऱ्यांच्या राज्यातून तरंगत जायचं, पुढं तिथं रांग वाढते. आजी-आजोबांनीही बसावं, जोराचे धक्के नाहीत. मग लगेच जंगल, लेकरं ताजी असतानाच, दोन तास तरी द्या. जंगलातच वॉटरलिलीची गुहा आहे, १९६६ ची, बेल्जियमच्या राणी फाबिओला यांनी लिहिलेल्या गोष्टीवर, पाण्यावर कमळं उमलतात आणि त्यावर पऱ्या नाचतात, ती चुकवू नका. जेवणानंतर सिम्बोलिका हा जादूचा राजवाडा आणि फाता मोर्गाना, ही अरबी गोष्टींची बोट, दोन्ही आरामात बसून बघायच्या.

तरण्या पोरांना जोराचं पाहिजे असतं, त्यांना जाऊ द्या. उंचीचे नियम कडक आहेत, यॉरिस आणि ड्रॅगन या लाकडी कोस्टरला १.१० मीटर, आणि बॅरन १८९८ नावाच्या कोस्टरला १.३२ मीटर, ते ३७.५ मीटर सरळ खाली पडतं. लेकराची उंची घरीच मोजा, म्हणजे तिथं रडारड होत नाही. छोटं लेकरू असलेल्या आईवडिलांना आलटून पालटून बसायची सोय आहे, एक बसून आलं की दुसऱ्याला परत पूर्ण रांग लावावी लागत नाही, तिथल्या माणसाला विचारा. रांगा किती आहेत ते पार्कच्या ॲपवर दिसतं.

पांगणार असाल तर भेटायची जागा आधी ठरवा. अँटन पीक चौकातला जुना वाफेवरचा घोड्यांचा पाळणा चांगला, शंभर वर्षांहून जुना आहे, छताखाली आहे, पाऊस आला तरी बसता येतं. फोनला रेंज असेल याच्यावर विसंबू नका, लेकराच्या मनगटावर पट्टी बांधून त्यावर आईचा नंबर लिहा. पार्क बंद व्हायच्या सुमाराला तळ्यावर पाण्याचा आणि दिव्यांचा खेळ होतो, अक्वानुरा, तो संपला की सगळी गर्दी एकदम गेटकडं निघते, म्हणून बसनं आला असाल तर परतीची वेळ आधी बघून ठेवा आणि पुढच्या बसनं गेलात तरी चालेल इतका वेळ हाताशी राखा.