जुना रॉक अल्बम ऐका, पण एकेक बाजू

क्लासिक रॉक ऐकायला सुरुवात करायची म्हटलं की कुणीतरी 'सर्वकालीन शंभर अल्बम'ची यादी पाठवतं, नाहीतर 'ग्रेटेस्ट हिट्स लाव, झालं' म्हणून मोकळं होतं. दोन्ही सल्ले कानाआड करा. यादीने दमछाक होते आणि हिट्समधून बँड कळत नाही. सत्तरच्या दशकातली ही मंडळी एलपीची, म्हणजे दोन बाजूंच्या मोठ्या तबकडीची, एकेक बाजू रचायची. साधारण वीस-बावीस मिनिटं हाताशी, ती कशाने उघडायची आणि कशावर संपवायची यावर त्यांची खरी डोकेफोड चाले. म्हणून एका बैठकीला एक बाजू, एवढंच ठरवा.

आधी एक बँड आणि त्याचा एक अल्बम निवडा. लेड झेपलिन असेल तर १९७१चा चौथा, ज्याला नावच नाही. डीप पर्पल असेल तर १९७२चा 'मशीन हेड'. पिंक फ्लॉइड असेल तर १९७५चा 'विश यू वेअर हिअर'. 'द वॉल'पासून सुरू कर असं सांगणारे भेटतीलच. त्यांना हो म्हणा आणि ऐकू नका. तो दोन एलपींचा पसारा आहे आणि दुसऱ्या एलपीत कथानक गाण्यांच्या मानगुटीवर बसतं. फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या शाळेत शिकला म्हणून आपल्याकडे क्वीनपासून सुरुवात करायचा मोह होतो. होऊ द्या. पण मग 'अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा' अख्खा ऐका. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' त्यात शेवटून दुसरं आहे, आणि तिथपर्यंत या पोरांनी काय काय उद्योग केलेत ते ऐकून आलात तर ते गाणं वेगळंच लागतं.

अ‍ॅपमध्ये शफल बंद, क्रॉसफेड (एक गाणं संपताना पुढचं त्यात मिसळणारी सोय) शून्य, शेवटी चिकटवलेले डेमो आणि लाइव्ह तुकडे वगळलेले. क्रॉसफेडबद्दल मी हटून बसतो. 'विश यू वेअर हिअर'मधलं 'हॅव अ सिगार' संपताना भरलेला आवाज एकदम आक्रसतो, जुन्या रेडिओतून आल्यासारखा होतो, कुणीतरी स्टेशनं फिरवतं आणि त्या खरखरीतून पुढच्या गाण्याची गिटार वर येते. अ‍ॅपने यावर आपला बोळा फिरवला की सगळा खेळ संपला. रीमास्टर, म्हणजे जुनंच ध्वनिमुद्रण साफसूफ करून काढलेली आवृत्ती, कुठलाही चालेल, पण 'रीमिक्स' लिहिलेली आवृत्ती पहिल्यांदा नको. त्यात वाद्यांचा तोलच नव्याने लावलेला असतो.

डब्यासारखा एकच ब्लूटूथ स्पीकरही नको. झेपलिनच्या 'होल लोटा लव्ह'च्या मधल्या भागात आवाज डावीकडून उजवीकडे भिरभिरतात, ते तिथे ऐकूच येत नाही. साधे वायरवाले हेडफोन पुरतात.

आता खरा अवघड टप्पा. लांबलचक रचना. अख्खी बाजू व्यापणारं एकच गाणं समोर आलं की बहुतेकांची गाडी इथेच अडते. माझीही कैक वेळा अडली आहे. याचा नमुना म्हणजे फ्लॉइडच्या १९७१च्या 'मेडल'मधलं 'एकोज'. साडेतेवीस मिनिटं, पूर्ण दुसरी बाजू. सल्ला मिळतो तो असा: दिवे मालव, डोळे मिट, वाहून जा. वाहून वगैरे कुणी जात नाही, झोप लागते. त्याहून वाईट सल्ला म्हणजे हे संगीत ऐकायला काहीतरी 'घ्यावं' लागतं. सवाईत चहाच्या कपावर तासभर विलंबित ख्याल ऐकणाऱ्या माणसाला हे सांगायला जाऊ नका, तो हसेल.

करायचं असं. दुपारी, जागेपणी बसा. हात रिकामे राहत नसतील तर मटार सोला, पण फोन लांब ठेवा. सुरुवातीला पियानोचा एकच उंच सूर टिंग करून वाजतो. फ्लॉइडच्या रिक राइटने तो फिरत्या लेस्ली स्पीकरमधून काढलाय, म्हणून पाण्यात पडल्यासारखा थरथरतो. हा सूर लक्षात ठेवा, तीच तुमची खूण. पुढे गिटारवाला गिलमोर आणि राइट जोडीने गातात, हा भाग सोपा. सातव्या मिनिटापासून ठेका धरतो. इथे गिटारच्या मागे लागू नका, नुसता बास ऐका. बासवाला वॉटर्स एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणत राहतो आणि वरचं सगळं त्याच्यावर डोलतं.

अकराव्या मिनिटानंतर ठेका विरतो, वारा सुटतो आणि किंकाळ्या सुरू होतात. त्या गिलमोरच्या गिटारच्या आहेत, वा-वा पेडलच्या (पायाने दाबून गिटारचा आवाज बदलायच्या यंत्राच्या) जोडण्या उलट्या केल्यावर निघणाऱ्या. लोक फॉरवर्ड करतात ते नेमके इथे. करू नका! या चार मिनिटांत चाल शोधाल तर चिडाल, कारण चाल नाहीच. कुठला आवाज जवळचा, कुठला लांबचा, एवढंच ऐका. पंधराव्या मिनिटाच्या आसपास तो टिंग परत येतो, त्याच्याखाली ऑर्गन हळूहळू उजळत जातो आणि तीन-चार मिनिटांनी गिटारचे सूर सांडायला लागतात. फॉरवर्ड करून इथे आलेल्याला हा नुसता छान तुकडा वाटतो. वाऱ्यातून आलेल्याला सुटका झाल्यासारखं होतं. मधेच कंटाळा आला तर बंद करा, पण पुढच्या वेळी पुन्हा पहिल्या टिंगपासून. अर्ध्यावरून कधीच नाही.

हीच युक्ती येस या बँडच्या 'क्लोज टू द एज'ला आणि जेथ्रो टल या बँडच्या 'थिक अ‍ॅज अ ब्रिक'लाही लागू पडते. दुसऱ्यात तर एकच रचना दोन्ही बाजूंवर पसरली आहे, त्यामुळे बाजू संपली की उठून पाणी पिऊन या.

गाण्याचे शब्द तिसऱ्या-चौथ्या ऐकण्याला वाचा.

पहिला अल्बम अंगवळणी पडला की आधी त्याच्या मागचा अल्बम लावा, मग पुढचा. झेपलिनच्या चौथ्यानंतर १९७०चा तिसरा घ्याच. त्यातलं 'फ्रेंड्स' नीट कानात बसवा. १९७२मध्ये झेपलिनचे गिटारवादक पेज आणि गायक प्लांट मुंबईत आले आणि इथल्या वादकांना घेऊन त्यांनी 'फ्रेंड्स' आणि चौथ्यातलं 'फोर स्टिक्स' पुन्हा ध्वनिमुद्रित केलं. ते अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ उजाडलं, झेपलिनच्याच 'कोडा' अल्बमच्या वाढीव आवृत्तीत. तबला कुठे शिरतो आणि तंतुवाद्यं गिटारची जागा कशी घेतात, हे मूळ गाणी पाठ असतील तरच पकडता येतं, त्यामुळे तिथे घाईने जाऊ नका.