जुनी स्विफ्ट डिझायर घेताना: नेहमीचे बिघाड आणि त्यांचा खर्च

तीन ते पाच लाखांच्या आसपास सेदान शोधणाऱ्या कुटुंबासमोर हमखास येणारी गाडी म्हणजे २०१२ ते २०१७ या काळातली दुसऱ्या पिढीची स्विफ्ट डिझायर. सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात आणि काम जाणणारा मिस्त्री शोधावा लागत नाही, म्हणून ही निवड चुकीची नाही. मात्र व्यवहाराची किंमत ठरवताना पहिल्या वर्षातल्या दुरुस्तीचा खर्च त्यातच धरला पाहिजे. गाडीच्या किमतीच्या दहा ते पंधरा टक्के रक्कम हाताशी नसेल, तर बजेट तेवढे खाली आणावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिला निर्णय इंजिनाचा. पेट्रोल गाडीत १,१९७ सीसीचे के-सिरीज इंजिन असते, तर डिझेल गाडीत फियाटचे १,२४८ सीसीचे मल्टिजेट. दोन्हींत टायमिंग बेल्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडवणारा पट्टा) नसून चेन आहे, त्यामुळे बेल्ट तुटण्याची भीती नाही. पण ऑइल वेळेवर न बदललेल्या डिझेल गाडीत लाख-दीड लाख किलोमीटरनंतर ही चेन सैल पडते आणि थंड इंजिन सुरू होताना पहिले काही सेकंद पुढच्या बाजूने खडखड ऐकू येते. म्हणून विकणाऱ्याला गाडी आधी सुरू करून ठेवू नका असे सांगावे आणि पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवून इंजिन खरोखर थंड आहे का ते पाहावे. चेन किट आणि मजुरी मिळून साधारण दहा ते सोळा हजार रुपये लागतात. (येथे दिलेले सर्व आकडे अंदाजाचे आहेत, शहर, गॅरेज आणि सुट्या भागाची कंपनी यांनुसार ते बदलतात.)

डिझेल इंजिनाचा मोठा खर्च इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारा भाग) आणि टर्बो (इंजिनात जास्त हवा ढकलून ओढ वाढवणारा भाग) यांचा असतो. चढावर काळा धूर, उभ्या गाडीत इंजिन थरथरणे आणि सकाळी दोन-तीनदा सेल्फ मारावा लागणे ही लक्षणे एकत्र दिसली, तर इंजेक्टर तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. एका इंजेक्टरची दुरुस्ती चार-सहा हजारांत होते, नवा घ्यायचा तर बारा हजारांच्या पुढे जातो, आणि असे चार असतात. ओढ कमी झाली म्हणून लगेच टर्बो गेला असे समजू नये, कारण बऱ्याचदा टर्बोचा होज पाइप फाटलेला असतो किंवा ईजीआर व्हॉल्व्ह (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी झडप) काजळीने भरलेला असतो आणि काम काही हजारांत आटोपते. निळा धूर मात्र ऑइल जळत असल्याची खूण आहे. इंजिन चालू ठेवून ऑइलचे झाकण उघडावे: तिथून धूर जोराने फेकला जात असेल, म्हणजे मिस्त्रींच्या भाषेत गाडी बॅक कॉम्प्रेशन मारत असेल, तर पूर्ण इंजिनकामाचा खर्च साठ हजार ते लाखाच्या घरात जातो. अशी गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी सोडून द्यावी.

डिझेल परवडेल का, याचा हिशेब सोपा आहे. महिन्याला ५०० किलोमीटर फिरणाऱ्याला पेट्रोल गाडी १५ आणि डिझेल गाडी १९ चे ॲव्हरेज देते असे धरले, पेट्रोल १०४ आणि डिझेल ९० रुपये लिटर मानले, तर महिन्याची बचत जेमतेम अकराशे रुपये, म्हणजे वर्षाला सुमारे तेरा हजार होते. टर्बो आणि दोन इंजेक्टर एकदा बदलले की तीन-चार वर्षांची ही बचत संपते. महिन्याला हजार-दीड हजार किलोमीटर धावणार नसेल, तर पेट्रोलच घ्यावी; तिच्यात प्लग, थ्रॉटल बॉडीची सफाई आणि इंजिन माउंटिंग यांपलीकडे सहसा काही निघत नाही.

क्लच जड लागत असेल किंवा चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचा आवाज वाढूनही वेग वाढत नसेल, तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग असा पूर्ण सेट बदलावा लागतो: पेट्रोलसाठी पाच ते आठ हजार, डिझेलसाठी सात ते बारा हजार. आपल्या रस्त्यांवर पुढचे शॉकअप, लिंक रॉड आणि लोअर आर्मचे बुश झिजणारच. खड्ड्यात येणारा खट् असा आवाज बहुधा लिंक रॉडचा असतो आणि तो दीड-दोन हजारांत जातो, पण तोच आवाज स्टिअरिंग रॅकचा निघाला तर खर्च कितीतरी पट होतो, म्हणून गाडी लिफ्टवर चढवून पाहणे टाळू नये. एसीचा कॉम्प्रेसर पंधरा हजारांच्या पुढे जातो. भर दुपारी, उभ्या गाडीत तो वीस मिनिटे चालवून पाहावा. चारही टायर गुळगुळीत असतील, तर अठरा ते बावीस हजार किमतीतून थेट वजा करून मागावेत.

डिझायरच्या बाबतीत सर्वांत जास्त लक्ष एका गोष्टीकडे द्यावे: ही गाडी टॅक्सी म्हणून अतोनात वापरली गेली आहे, आणि परवाना रद्द करून पांढऱ्या नंबर प्लेटवर आणलेल्या गाड्या बाजारात येतात. मीटर साठ हजार दाखवत असताना क्लच पेडलचे रबर एका कडेने झिजलेले, ड्रायव्हर सीटची बाजू बसलेली आणि छताच्या कडेला कॅरिअरचे वळ दिसले, तर मीटर मागे फिरवले आहे असे समजावे. डिकीतला गालिचा उचलून तळ पाहावा. सीएनजीची टाकी बसवलेल्या स्टँडच्या बोल्टची भोके तिथे राहतात. गाडीच्या नंबरवरून अधिकृत सर्व्हिस सेंटरमधील नोंदी काढून घेतल्या की कोणत्या तारखेला किती किलोमीटर झाले होते हे समजते. त्याच वेळी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून चिखलाची रेघ आहे का तेही पाहावे. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि २०२१ मध्ये चिपळूणला पुरात कितीतरी गाड्या बुडाल्या होत्या, आणि वायरिंगमध्ये शिरलेले पाणी वर्षानुवर्षे त्रास देते.

कागदपत्रांत आरसीवर बँकेचा बोजा आहे का ते पाहावे, असल्यास तो उतरवण्याचा फॉर्म ३५ आणि बँकेचे ना-हरकत पत्र घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. हस्तांतरणासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात; परराज्यातली गाडी असेल तर फॉर्म २८ चे ना-हरकत प्रमाणपत्र आणि महाराष्ट्रातला रोड टॅक्स यांची भर पडते, त्यामुळे दिल्लीकडून आलेली स्वस्त डिझेल गाडी शेवटी तितकी स्वस्त राहत नाही. विमा आपल्या नावावर करण्यासाठी १४ दिवसांच्या आत कंपनीकडे अर्ज करावा. नो क्लेम बोनस (विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जुन्या मालकाकडेच राहतो, त्यामुळे विम्याच्या फरकाची रक्कमही आधीच हिशेबात धरावी.