आधी फोटोओळ, मग फोटो

आमच्या क्रीडापानावर कुणी नवीन रुजू झालं की पहिल्या आठवड्यात मी एकच काम देते. एजन्सीच्या फीडमधून एका महिला खेळाडूचा फोटो निवडायचा. पण फीड उघडण्याआधी कोऱ्या कागदावर फोटोओळ लिहायची. तिने काय केलं, कुठे किंवा कुणाविरुद्ध, आणि आकडा. मग त्या ओळीला शोभेल असा फोटो हुडकायचा. उलटं करायचं नाही. उलटं केल्यावर काय होतं ते मी स्वतः करून बसले आहे.

वीसेक वर्षं झाली. मरीन लाइन्सला विद्यापीठाच्या मैदानावर आंतरमहाविद्यालयीन अ‍ॅथलेटिक्स होतं. रात्रीचे दहा वाजलेले, बाहेरगावी जाणारी डाक आवृत्ती सुटलेली, शहर आवृत्तीत चार कॉलम मोकळे. फोटोग्राफरने लांब उडीचे सहा फोटो ठेवले. त्यातला मी वाळूत पडतानाचा उचलला, समोरून काढलेला. पाय कॅमेऱ्याकडे, शॉर्ट्स वर सरकलेली, चेहरा उडालेल्या वाळूआड अर्धा गेलेला. पान उठावदार झालं. बाई असून मी तो लावला. डेस्कवर बायका आल्या की सगळं आपोआप सुधारतं, असं मानणाऱ्यांसाठी हे मुद्दाम सांगते.

दोन दिवसांनी ती मुलगी आईला घेऊन ऑफिसात आली. हातात कात्रण. भांडली नाही. विचारलं एवढंच, “मॅडम, माझी उडी किती झाली ते कुठे लिहिलंय?”

फोटोओळीत एकच शब्द होता: ‘झेप!’ उद्गारचिन्हासकट.

तर लांब उडी. खड्ड्याच्या समोर बसलात की पडतानाचाच फोटो मिळणार. धावपट्टीच्या बाजूला, उडी घेण्याच्या फळीच्या जरा पुढे बसा. तिथून चेहरा, हात आणि हवेत ताणलेलं शरीर एकाच चौकटीत येतं. शटर हजारांश सेकंद किंवा त्याहून जलद. मला विचाराल तर उडीनंतरचाच फोटो जास्त आवडतो: मोजपट्टी धरून वाकलेला पंच, आणि शेजारी गुडघ्यांवर हात ठेवून आकडा बघणारी मुलगी. अंजू बॉबी जॉर्ज म्हटलं की मला २००४ च्या अथेन्समधले ६.८३ मीटर आठवतात. तिने घातलं काय होतं, ते आठवत नाही.

कबड्डीत भानगड वेगळी. बायकांचं मैदान १२ बाय ८ मीटर, त्यात पकड झाली की जर्सी ओढली जाणारच. दहा फ्रेमच्या सलग क्लिकमध्ये एक फ्रेम तशी निघते, आणि नवखा उपसंपादक नेमका तिच्यावर थांबतो, कारण त्याला तीच ‘अ‍ॅक्शन’ वाटते. तिच्या दोन फ्रेम मागे जा. तिथे चढाई करणारीच्या घोट्याला पडलेला हात असतो, नाहीतर साखळी बंद होण्याच्या आधीचा क्षण. गुण तिथे ठरतो. कबड्डी कळणाऱ्या वाचकालाही तोच बघायचा असतो, आणि लोअर परळ-प्रभादेवीच्या पट्ट्यात कबड्डी न कळणारा वाचक शोधावा लागेल.

बीच व्हॉलीबॉल आपल्याकडे फारसं होत नाही, पण ऑलिंपिक आलं की एजन्सीकडून फोटोंचा ढीग येतो. त्यातला ठरलेला फोटो म्हणजे पाठमोरी खेळाडू, कंबरेमागे हात, बोटांनी जोडीदाराला खूण. फोटोग्राफर म्हणतात, डावपेच दाखवतोय. असेलही. एक बोट म्हणजे रेषेकडचा फटका अडवणार, दोन म्हणजे तिरका. पण हा अर्थ फोटोओळीत लिहिलेला मी कधी वाचलेला नाही. तुम्ही लिहिणार असाल तर फोटो घ्या, आणि हात दिसेल अशा बेताने कापा. लिहिणार नसाल तर ब्लॉकचा, म्हणजे जाळीवर फटका अडवतानाचा, फोटो घ्या.

क्लोजअपशी माझं भांडण नाही. शिवाजी पार्कला दोरीच्या मल्लखांबावर मुली चढतात तेव्हा पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यात दोर धरतात. सगळा भरवसा त्या बेचक्यावर. घाला लेन्स, घ्या क्लोजअप: लालसर झालेली कातडी, पिळलेला दोर. असा फोटो मी पाच कॉलमांत लावेन.

कापाकापी मात्र आमचं डेस्कच करतं. फोटोग्राफर सरळ फोटो देतो. मग मोबाइलच्या थंबनेलसाठी कुणीतरी उभी चौकट ओढतं आणि बॅट, रॅकेट, कधी चेहराही बाहेर जातो. चेहरा, हात आणि खेळाचं साधन आत राहिलंच पाहिजे. मुंडकं कापलेला फोटो मी परत पाठवते, बाकी कितीही उत्तम असला तरी.

जुनं आर्काइव्हही एकदा उघडून बघा. आमच्याकडे पुरुष टेनिसपटूंची फोल्डरं आडनावाने होती: फेडरर, नदाल, पेस. बायकांचं एकच, नाव ‘ग्लॅमर’. त्यात विजेत्या, पहिल्याच फेरीत हरलेल्या आणि प्रेक्षागृहात बसलेल्या नट्याही. घाईत फोटो शोधणाऱ्याच्या हाती त्या फोल्डरमधून दुसरं काय लागणार? नावं बदलायला मला एक आख्खी दिवाळी लागली, कारण त्या दिवसांतच पान जरा हलकं असतं.

विशेषणांचं तेच. ‘टेनिससुंदरी’ बंद. ‘फुलराणी’वर आमच्यात अजून वाद होतो. शटलला आपण फूल म्हणतो, तिथून सायनाला ते नाव चिकटलं, कोटी चांगली आहे. पण २०१२ ला लंडनहून ब्राँझ आणणाऱ्या खेळाडूच्या मथळ्यात मी ते घालणार नाही. कविता राऊतचं ‘सावरपाडा एक्सप्रेस’ बघा. गावही आलं, धावणंही आलं.

सगळ्यात फसवी बातमी कपड्यांवरूनच्या वादाची. जुलै २०२१ मध्ये युरोपियन बीच हँडबॉल स्पर्धेत नॉर्वेच्या मुलींनी बिकिनीऐवजी शॉर्ट्स घातल्या म्हणून संघाला १५०० युरो दंड झाला. तेव्हाचा नियम असा, की बिकिनीची बाजूची पट्टी १० सेंटिमीटरपेक्षा रुंद नको. आमच्या मीटिंगमध्ये एकाने लगेच बिकिनीतल्या खेळाडूंचा फोटो काढला, “वाचकाला कळायला नको का?” कळण्यासाठी बातमीत १० सेंटिमीटर लिहिलं की पुरतं. आम्ही शॉर्ट्स घालून उभा असलेला नॉर्वेचा संघ छापला, कारण बातमी त्या शॉर्ट्सची होती. पुढे २०२२ पासून नियम बदलला, तेव्हाही तोच फोटो चालला.

खेळाडूच्या इन्स्टाग्रामवरून सुट्टीतले, लग्नातले फोटो उचलून सामन्याच्या बातमीत टाकू नका. ते तिने तिच्या हौसेने टाकलेत, तिचा हक्क आहे. ३० ऑक्टोबर २०२५ ला डी. वाय. पाटीलवर जेमिमा रॉड्रिग्जने ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ काढून ३३९ चं लक्ष्य गाठून दिलं, आणि रात्री एकाने मला तिच्या नटूनथटून काढलेल्या फोटोंची गॅलरी सुचवली. अरे, मातीने मळलेली जर्सी समोर असताना?

वरचे साहेब म्हणतील, लोकांना हेच हवं असतं. त्यांच्याशी स्त्रीवादावर वाद घालत बसू नका, रात्री वेळ नसतो. एवढं सांगा, की ऑलिंपिकचं प्रक्षेपण करणाऱ्या ओबीएसचे प्रमुख यानिस एक्झार्कोस यांनी टोकियोच्या वेळीच जाहीर केलं होतं: शरीराच्या अवयवांचे पूर्वीसारखे क्लोजअप आता दिसणार नाहीत. साहेबांना परदेशी नाव लागतं, ते द्या.

शाळकरी मुलींच्या बाबतीत मी जास्तच कडक आहे. जलतरण, जिम्नॅस्टिक्सची आख्खी गॅलरी वेबवर चढवायची नाही, फक्त निवडलेले फोटो. नाव, शाळा आणि सरावाची वेळ एकाच ओळीत नको. बातमीखालच्या प्रतिक्रिया बंद ठेवायच्या.

आणि आकडा मिळाला नाही तर बातमीदाराला फोन लावा, सव्वाअकरा वाजले असले तरी. तो लोकलमध्ये असतो, रेंज जाते, वैतागतो, पण वहीत बघून सांगतो. त्या मुलीचा आकडाही मी असाच फोन करून मिळवला होता, ती समोर बसलेली असताना, कारण तिलाच विचारायची मला लाज वाटली. ५.२१ मीटर. दुसऱ्या दिवशी दोन ओळींत छापला, खालच्या कोपऱ्यात, फोटोशिवाय.