दशांश अपूर्णांकांची उभी बेरीज : मांडणी, हातचा आणि पडताळा

पूर्ण संख्यांची बेरीज करताना आपण आकडे उजव्या कडेला जुळवतो. तिथे ते चालतं, कारण उजवीकडचा शेवटचा आकडा नेहमी एककाचा असतो. दशांश अपूर्णांकात ही खात्री नसते. २.५ मधला ५ दशांशाचा आहे, ०.७५ मधला ५ शतांशाचा. हे दोन ५ एकाखाली एक मांडले की २५ अधिक ७५ होतात आणि वहीत १.०० असं उत्तर उतरतं. खरं उत्तर ३.२५. बेरीज पक्की असलेली मुलंही इथे अडतात, कारण चूक बेरजेत नसते, मांडणीत असते.

म्हणून जुळवायचं ते दशांश चिन्ह. कागदावर आधी सगळी चिन्हं एका उभ्या रेषेत द्यावीत, मग त्यांच्या डावीकडे एकक, दशक, शतक आणि उजवीकडे दशांश, शतांश, सहस्रांश भरावेत. चौकटीची वही असेल तर एका चौकटीत एकच आकडा लिहावा आणि चिन्ह दोन चौकटींमधल्या रेषेवर द्यावं. रेघी वही असेल तर ती आडवी फिरवावी. आडव्या रेघा उभ्या होतात आणि रकाने आयते मिळतात.

पूर्ण संख्येत चिन्ह दिसत नाही, पण ते एककानंतर असतंच. १२० म्हणजे १२०.०. हे विसरलं की १२० चा शून्य थेट दशांशाच्या रकान्यात जाऊन बसतो.

आता ३६.७८, ५.४६९ आणि ०.९ यांची बेरीज करू. सर्वांत जास्त स्थळं ५.४६९ ला आहेत, तीन. बाकीच्यांना शेवटी शून्य देऊन तीन स्थळं पूर्ण करायची. ०.९ आणि ०.९०० यांची किंमत एकच आहे : ९ दशांश म्हणजेच ९०० सहस्रांश. शून्य द्यायचे ते मात्र शेवटीच. चिन्हाला लागून शून्य दिला की ०.९ चं ०.०९ होतं आणि किंमत दहा पटींनी घटते.

  ३६.७८०
+  ५.४६९
+  ०.९००
────────
  ४३.१४९

सुरुवात उजवीकडून. सहस्रांश : ० + ९ + ० = ९. शतांश : ८ + ६ + ० = १४. चौदा शतांश म्हणजे १ दशांश आणि ४ शतांश, म्हणून खाली ४, हातचा १. दशांश : ७ + ४ + ९ = २०, हातचा धरून २१. एकवीस दशांश म्हणजे २ एकक आणि १ दशांश. खाली १ लिहायचा आणि हातचे २ चिन्ह ओलांडून एककाच्या डोक्यावर. एकक : ६ + ५ + ० = ११, हातचे २ मिळवून १३; खाली ३, हातचा १. दशक : ३ आणि हातचा १, म्हणजे ४. उत्तरातलं चिन्ह वरच्या चिन्हांच्या बरोबर खाली. ते शेवटी द्यायचं लक्षात राहत नसेल तर बेरीज सुरू करण्याआधीच देऊन ठेवावं.

चिन्हापाशी हातचा थांबत नाही, हे पुन्हा सांगायला हवं. ३.९ + २.६ याचं उत्तर ५.१५ असं आलं, तर ९ आणि ६ ची बेरीज १५ चिन्हाच्या उजवीकडे तशीच उतरवलेली असते. चिन्हाला भिंत समजल्यामुळे हे होतं. १५ दशांश म्हणजे १ पूर्ण आणि ५ दशांश, उत्तर ६.५. दहा शतांशांचा एक दशांश होतो, तसाच दहा दशांशांचा एक एकक होतो. नियम तोच, मध्ये चिन्ह असो वा नसो. हे पटवायला ०.८ + ०.७ हे लहान उदाहरण पुरतं. दोन्ही संख्या अर्ध्याहून मोठ्या आहेत, मग बेरीज ०.१५ कशी असेल? ती १.५ आहे.

तीनचार संख्या असल्या की हातचा २ किंवा ३ ही येतो. सवयीने १ लिहू नये. आलेला आकडा रकान्याच्या डोक्यावर लहान लिहून ठेवावा.

मापं मिळवताना आधी सगळी एकाच एककात आणावीत. २ मीटर ५ सेंटिमीटर म्हणजे २.०५ मीटर, २.५ नव्हे. ३ किलोग्रॅम ७५ ग्रॅम म्हणजे ३.०७५ किलोग्रॅम. मधला शून्य इथे गाळला तर पुढची मांडणी कितीही नेटकी असली तरी उत्तर चुकणार.

पडताळ्यासाठी पूर्णांकांचा अंदाज घ्यावा. वरच्या उदाहरणात ३७ + ५ + १ = ४३, आणि उत्तर ४३.१४९, म्हणजे चिन्ह जागेवर आहे. ४.३१४९ किंवा ४३१.४९ आलं असतं तर लगेच कळलं असतं. अंदाजातून आकड्यांची बारीक चूक मात्र सापडत नाही. त्यासाठी प्रत्येक रकाना खालून वर पुन्हा मिळवावा. वरून खाली करताना झालेली चूक सहसा तशीच पुन्हा होत नाही.

उत्तराच्या शेवटी शून्य आले, जसं २.७५ + १.२५ = ४.००, तर नुसतं ४ लिहिलं तरी चालतं. ४०.०० मधला चिन्हाच्या डावीकडचा शून्य मात्र गाळायचा नाही.