संरक्षित झाड तोडण्याचा अर्ज परत आला, तेव्हा काय दुरुस्त केलं

अर्ज अडला तो घेराच्या आकड्यावर. मोजमाप बुंध्याच्या पायथ्याशी, मुळांच्या फुगवट्यावर घेतलं होतं. तिथे घेर नेहमीच जास्त भरतो. बहुतेक नियमांत तो छातीच्या उंचीवर, जमिनीपासून 1.3 ते 1.4 मीटरवर धरतात. वेल बाजूला सारून टेप आडवी ताणली: 157 सेंटिमीटर. भागिले 3.14, म्हणजे व्यास 50. अर्जात घेर मागितलाय की व्यास, ते आधी वाचा. गफलत होते ती इथेच.

‘झाड धोकादायक’ एवढ्यावर परवानगी मिळणं कठीण. पोकळी, बुंध्यावरची अळंबी, मुळांपाशी उचललेली माती यांचे टेप धरून जवळून फोटो काढले, वृक्षतज्ज्ञाचा अहवाल जोडला. लेखी परवानगी हाती येईपर्यंत फांदीही छाटू नका. घरट्यात पिल्लं असतील तर परवानगी असली तरी थांबा.