कफ सुटायचं औषध घेताना

इंदूरला रामबागेतल्या एका औषधाच्या दुकानात मी ३१ वर्षं काउंटरवर उभी राहिले. दिवाळी आटोपली, रात्री गार व्हायला लागल्या की रोज संध्याकाळी तीच मागणी यायची, "ताई, कफ सिरप द्या." या दोन शब्दांनी होतो तेवढा घोटाळा दुसऱ्या कशानं होत नाही. इंग्रजीतला कफ म्हणजे खोकला. आपला कफ म्हणजे छातीत दाटतो तो बेडका. त्यामुळे बाटलीवर ‘कफ सिरप’ लिहिलंय म्हणजे ते कफ काढणारं असेलच असं नाही. ते खोकला दाबणारंही असू शकतं, आणि ही दोन कामं एकमेकांच्या अगदी उलट आहेत.

हे मी माझ्या सासूबाईंच्या बाबतीत पाहिलं. आई तेव्हा ७८ वर्षांच्या. तरुणपणी झालेल्या क्षयामुळे फुप्फुसाच्या एका भागातल्या श्वासनळ्या कायमच्या सैल झालेल्या, हिवाळ्यात कफ साचायचाच. डॉक्टरांनी पाण्यात विरघळणारी अ‍ॅसिटिलसिस्टीनची गोळी दिली होती. भेटायला आलेल्या एका नातेवाइकांनी, रात्री शांत झोप लागावी म्हणून, प्रेमानंच एक बाटली आणली आणि दोन चमचे पाजले. ते डेक्स्ट्रोमेथॉर्फन होतं. म्हणजे एकीकडे कफ पातळ होऊन वर यायला लागला आणि दुसरीकडे तो बाहेर टाकणारा खोकलाच झोपी गेला. रात्री दोनला छातीची घरघर बाहेरच्या खोलीत ऐकू येत होती. पहाटेपर्यंत मी त्यांना टेकवून बसवलं, पाठीवर थोपटत राहिले, आणि उजाडताच दवाखान्यात नेलं. मी घरात असून बाटली उलटी करून वाचली नव्हती, ही गोष्ट मला अजून लागते.

म्हणून पहिलं काम हेच. बाटलीची मागची बाजू वाचा, अक्षर बारीक असेल तर मोबाइलवर फोटो काढून मोठं करा. अँब्रॉक्सॉल, ब्रोमहेक्सिन, अ‍ॅसिटिलसिस्टीन, कार्बोसिस्टीन ही कफ पातळ करणारी. ग्वायफेनेसिन कफ सुटायला मदत करतं. डेक्स्ट्रोमेथॉर्फन आणि कोडीन ही खोकला दाबणारी. ती वरच्यांच्या जोडीला घ्यायची नाहीत. आपल्याकडच्या पुष्कळ सिरपांत अँब्रॉक्सॉलबरोबर सालब्युटामॉल, लेव्होसालब्युटामॉल किंवा टर्ब्युटालिनही असतं. ते श्वासनळ्या मोकळ्या करतं, पण त्यानं हात थरथरतात, छाती धडधडते. "औषध सोसत नाही" म्हणून परत आलेल्या पुष्कळांना त्रास याच भागाचा होत असे. हृदयाचे ठोके अनियमित असतील, थायरॉइड वाढलेलं असेल किंवा मधुमेह असेल तर असं मिश्र सिरप डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. साध्या सिरपातही साखर असते, हे मधुमेहवाल्यांनी विसरू नये.

जाता जाता एक सांगते. ब्रोमहेक्सिन हे अडुळशातल्या व्हॅसिसिन नावाच्या द्रव्यावरून बनवलं गेलं, आणि ब्रोमहेक्सिन शरीरात गेल्यावर त्याचंच अँब्रॉक्सॉल होतं. आजीचा अडुळसा आणि ही बाटली एकाच घराण्यातली. म्हणून काढा चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

आता माप. घरातला चमचा वापरू नका. एका कंपनीच्या ५ मिलिलिटरमध्ये १५ मिलिग्रॅम अँब्रॉक्सॉल असतं, दुसरीच्या तेवढ्यातच ३०. बाटलीबरोबरचं टोपण किंवा मापाचा कप घ्या, आणि बाटली बदलली की आकडा पुन्हा वाचा. औषध जेवणानंतर घेतलं तर मळमळ कमी होते. पोटात अल्सर असेल किंवा पूर्वी होऊन गेला असेल तर आधी विचारा. चार-पाच दिवसांत उतार पडला नाही तर तीच बाटली पुन्हा आणण्याऐवजी डॉक्टरांना दाखवा.

अ‍ॅसिटिलसिस्टीनची फुसफुसणारी गोळी अर्धा ग्लास पाण्यात पूर्ण विरघळू द्या आणि लगेच प्या. गंधकाचा, थोडा सडक्या अंड्यासारखा वास येतो. औषध खराब झालेलं नसतं, त्यात गंधक आहे आणि त्याच्याच जोरावर ते कफातले चिकट धागे तोडतं. त्याच ग्लासात दुसरं औषध मिसळू नका. अँटिबायोटिक चालू असेल तर दोन तासांचं अंतर ठेवा. या गोळीत सोडियम बरंच असतं, म्हणून मीठ कमी करायला सांगितलेल्यांनी विचारून घ्यावी. आणि छातीत दुखतं म्हणून नायट्रोग्लिसरिन घेणाऱ्यांनी तर नक्कीच विचारावं, कारण दोन्ही मिळून रक्तदाब एकदम उतरतो, डोकं ठणकतं.

शेवटचा डोस झोपायच्या तोंडावर नको. सुटलेला कफ आडवं पडल्यावर कुठे जाणार? आईंना मी संध्याकाळी साडेपाचच्या आत देते, मग तासाभरानं कफ काढायला बसवते. खुर्चीत ताठ बसायचं, नाकानं सावकाश श्वास भरायचा, दोन-तीन सेकंद धरायचा, आणि चष्म्याच्या काचेवर वाफ सोडतो तसा तोंड उघडं ठेवून जोरात "हाऽ" करत सोडायचा. असं दोन-तीनदा, मग एक खोकला. नुसतं खोकत राहिलं की माणूस दमतो आणि कफ तिथेच राहतो. दिवसभर कोमट पाणी घोट-घोट प्यायचं. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारात पाण्याचं प्रमाण डॉक्टर सांगतील तेवढंच.

पहिले एक-दोन दिवस कफ जास्त पडतो. लोक घाबरून औषध बंद करतात. तो वाढलेला नसतो, सुटलेला असतो. अँब्रॉक्सॉलनं जीभ-घसा थोडा बधिर वाटतो, चव बदलते, तेही जातं. पण अंगावर पुरळ उठलं, तोंडात किंवा डोळ्यांत फोड आले, कातडी सोलवटली, ओठ-चेहरा सुजला तर औषध तिथल्या तिथे थांबवा आणि इंदूरचं सरकारी एम.वाय. रुग्णालय असो की जवळचं कुठलंही, मोठं रुग्णालय गाठा. हे क्वचित होतं, पण होतं. २०१५ साली युरोपच्या औषध नियामक संस्थेनं अँब्रॉक्सॉल आणि ब्रोमहेक्सिनच्या माहितीपत्रकात ही सूचना घालायला लावली. दम्याच्या माणसाला अ‍ॅसिटिलसिस्टीननं, विशेषतः नेब्युलायझरमधून, म्हणजे औषधाचा फवारा श्वासातून देणाऱ्या मशीनमधून दिल्यास, श्वासनळी आवळू शकते. त्यामुळे ते घरच्या मशीनमध्ये स्वतःच्या मनानं घालू नका.

ज्याला खोकून कफ काढता येत नाही, त्याचा कफ पातळ करणं धोक्याचं. अर्धांगवायू झालेले, फार थकलेले म्हातारे आणि तान्ही बाळं. फ्रान्सनं २०१० मध्ये दोन वर्षांखालच्या मुलांसाठी अ‍ॅसिटिलसिस्टीन आणि कार्बोसिस्टीन बंद केली ती याच कारणानं. आपल्या छिंदवाड्यात २०२५ मध्ये सर्दी-खोकल्याच्या विषारी सिरपानं लेकरं गेली. तिथलं कारण वेगळं, त्यात डायएथिलीन ग्लायकॉल नावाचं विषारी रसायन निघालं. त्यानंतर केंद्रानं पुन्हा बजावलं की दोन वर्षांखाली खोकल्याची औषधं देऊच नयेत, आणि पाच वर्षांखालीही सहसा नकोत. तरी "थोडंसंच देऊ का" असं अजून विचारलं जातं. नाही, थोडंसंही नाही.

कफात रक्त दिसलं, दम लागला, ताप उतरेना तर सिरपाच्या भरवशावर बसू नका. खोकला दोन आठवड्यांपुढे गेला तर सरकारी दवाखान्यात क्षयासाठी थुंकीची तपासणी मोफत होते, ती करून घ्या. औषधाचा त्रास झाला तर १८००-१८०-३०२४ या फुकट क्रमांकावर कळवता येतं. तिथे बॅच नंबर विचारतात. तो बाटलीवर आणि खोक्यावर छापलेला असतो, म्हणून औषध संपेपर्यंत दोन्ही जपून ठेवा.