कचरा जाळणाऱ्या प्रकल्पाची जनसुनावणी: या चुका टाळा

गावात प्रकल्पाची कुणकुण लागली की आधी घोषणा तयार होतात, अहवाल कोणी उघडत नाही. 2006 च्या ईआयए (पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन) अधिसूचनेनुसार सुनावणीआधी किमान 30 दिवसांची नोटीस लागते. ते दिवस अहवाल वाचण्यासाठी आहेत.

सगळ्यात महागात पडतो तो बहिष्कार. आमच्या बाजूच्या तालुक्यात एका सुनावणीला अर्धं गाव मंडपाबाहेर घोषणा देत उभं होतं. आत मोजकी माणसं नोकऱ्यांबद्दल बोलली आणि इतिवृत्तात तेवढंच आलं. विहिरींचा, धुराचा एक शब्द नाही. सुनावणीला गणपूर्तीची अटच नसते, त्यामुळे तुम्ही नसलात तरी ती पार पडते. मी हरकत दोन प्रतींत नेतो आणि एकीवर शिक्क्यासह पोच घेतो. शेवटी नोंदलेले मुद्दे मराठीत वाचून दाखवावे लागतात. तोवर मी खुर्ची सोडत नाही, आपला मुद्दा सुटला तर तिथेच उभं राहून सांगतो.

दुसरी चूक, 'नियमानुसार' या शब्दावर समाधान मानणं. 2016 च्या घनकचरा नियमांत (2026 मध्ये त्यांच्या जागी नवे नियम आले) डायॉक्सिन-फ्युरानची, म्हणजे कचरा जळताना तयार होणाऱ्या विषारी द्रव्यांची, मर्यादा घनमीटरला 0.1 नॅनोग्रॅम टीईक्यू (विषारीपणाच्या हिशेबाने एकत्र मोजलेलं प्रमाण) होती, पण ती धुरात 11 टक्के ऑक्सिजन धरून. तो हिशेब मागितला नाही तर धुरात जादा हवा मिसळूनही आकडा खाली दिसतो. नमुनाही काही तासांचाच असतो, म्हणून तो कोणत्या महिन्यात घेतला ते विचारा. जुलैत मासळी बाजाराचा आणि शहाळ्यांचा भिजलेला कचरा भट्टीत गेला की तापमान पडतं. 2016 च्या नियमांत भट्टीच्या दुय्यम कक्षात, म्हणजे धूर पुन्हा जाळतात तिथे, किमान 950 अंश तापमान आणि वायू किमान 2 सेकंद राहण्याची अट होती. माझी मागणी ठरलेली: तापमान घसरलं की कचरा आत जाणं आपोआप थांबावं, एक चाचणी भर पावसात व्हावी, आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावेत.

राख कुठे टाकणार ते नकाशावर दाखवायला लावा. जांभ्यातून राखेवरचं पाणी थेट विहिरीत उतरतं.

कंपनीकडून शाळेच्या छताला पत्रे मिळाले म्हणून अटी सोडू नका.

व्हॉट्सअॅपवरचं निवेदन गावाचं नाव बदलून देऊ नका. उत्साही पोरांना हीच घाई असते. त्यात आपली नदी, आपली वाडी नसते, आणि अधिकारी ते एका वाक्यात निकाली काढतात.

मंजुरी मिळालीच तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाकडे अपिलाला 30 दिवस असतात, सबळ कारण असेल तर आणखी 60 पर्यंत. तिथे ती शिक्क्याची पोच कामी येते.